पट्टी जपून ठेवा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांना या गावात कुणी नावाने हाक मारत नसे. ‘डॉक्टर’ म्हटलं की तेच. मलाही आज तसंच म्हणू द्या. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे आणि नातेवाईकही नव्हे. त्यांनी पाठवलेल्या एका पाकिटामुळे आमची ओळख झाली. आज बोलायला सुरुवात त्या पाकिटापासूनच करतो.

हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांवर मी तेव्हा नुकतं काम सुरू केलं होतं. एके दिवशी ओपीडीत पस्तिशीच्या एक बाई आल्या. हातात जाडजूड फाइल. अकरा वर्षं त्यांना अधूनमधून धडधड व्हायची. कधी पोळ्या लाटताना, कधी बसमध्ये चढताना, कधी नुसतं बसल्या असताना. दिव्याचं बटण दाबावं तशी एकाएकी सुरू आणि तशीच एकाएकी बंद. दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबलेली असायची. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाने झोपेची गोळी लिहून दिली होती आणि नवऱ्याला बाजूला घेऊन ‘घरात काही टेन्शन आहे का?’ असं विचारलं होतं. सासूबाईंनी दोनदा नारळ उतरवून टाकला होता.

फाइलच्या तळाशी एक खाकी पाकीट होतं. त्यात घडी घातलेली ईसीजीची पट्टी. ठोके मिनिटाला १९०, मापून मांडल्यासारखे एकसारखे. कडेला शाईच्या पेनाने वेळ लिहिलेली, ‘रात्री १.४०’, आणि खाली दोनच शब्द: ‘हेच ते.’

त्या रात्री बाईंच्या नवऱ्याने डॉक्टरांचं दार वाजवलं होतं. धडधड थांबवायचं इंजेक्शन डॉक्टरांच्या कपाटात होतं. पण सिरिंज भरण्याआधी त्यांनी ईसीजीचं मशीन काढलं. आधी पट्टी, मग इंजेक्शन. अकरा वर्षं हुकलेलं निदान दोन मिनिटांत कागदावर आलं.

मंडळी, मला आज सांगायचं आहे ते एवढंच. ठोक्यांचे बरेचसे विकार भेटीला आलेल्या पाहुण्यासारखे असतात. येतात, घरभर गोंधळ घालतात आणि आपण कुणाला बोलावून आणेपर्यंत निघून जातात. मागे उरते ती रुग्णाची हकिकत. या शास्त्राचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे ती हकिकत कागदावर पकडण्याची धडपड आहे.

तशी नाडी आपल्याला जुनी ओळखीची. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला सापाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली आहे आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. ती भीती आपल्या रक्तात उतरली आहे. ‘डॉक्टर, मध्येच एक ठोका चुकतो’ असं सांगत रोज कुणीतरी येतंच. खरं तर तो ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. घाईत पडलेला ठोका हलका लागतो, मग हृदय क्षणभर विसावतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. ज्यांच्या हृदयाची रचना धडधाकट आहे त्यांच्यात असे सुटे ठोके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. म्हणजे ज्याला आपण सर्वांत जास्त घाबरतो ते सहसा साधं निघतं. ज्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देतो तिथे कधी कधी खरा आजार दडलेला असतो. आणि सर्वांत महागात पडणारा एक विकार तर अनेकांना जाणवतही नाही. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

आधी हृदयातली वीज कशी चालते ते पाहू. आपल्याकडे गड पाहिलेले लोक आहेत, म्हणून गडाचीच उपमा घेतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे माची आणि खालचे दोन बालेकिल्ला. दोन्हींच्या मध्ये वीज न वाहणाऱ्या तंतूंचा तट आहे. माचीच्या उजव्या कोपऱ्यात एक नगारखाना आहे, तिथे मिनिटाला साठ ते शंभर वेळा नगारा वाजतो. दिवसाला साधारण एक लाख वेळा. तटाला महादरवाजा एकच. तिथला पहारेकरी प्रत्येक इशारा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा अडवतो, तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली रिकामं करतात. मग इशारा आत सुटतो आणि तारांच्या जाळ्यातून सगळीकडे एकदम पोचतो. हा दरवाजा १९०६ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग इथे सुनाओ तवारा या जपानी तरुणाने शोधला. पुढच्याच वर्षी आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी इंग्लंडमध्ये नगारखाना शोधला. फ्लॅक तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता.

ही वीज बाहेरून टिपता येते हे ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये लंडनमध्ये दाखवलं होतं. त्यांचा जिमी नावाचा कुत्रा मिठाच्या पाण्यात पाय बुडवून प्रात्यक्षिकाला उभा राहायचा. पण वाचता येईल असा आलेख दिला तो हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यांचं यंत्र पावणेतीनशे किलोंच्या आसपास होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यात दीड किलोमीटरचं अंतर होतं, म्हणून त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून ठोके मागवले. आलेखातल्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांचीच. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. डॉक्टर स्कूटरच्या पुढ्यात ठेवून जे मशीन न्यायचे, ते याच यंत्राचं नातवंड.

आता गडाकडे परत येऊ. हजारात एक ते तीन माणसांच्या तटाला जन्मतःच एक चोरदरवाजा राहून गेलेला असतो. त्याच्यावर पहारा नसतो. इशारा महादरवाज्यातून आत जातो, चोरदरवाज्यातून माचीवर परत येतो, पुन्हा महादरवाज्यातून आत. गोल गोल फिरत राहतो आणि नगारखान्याला कुणी विचारत नाही. हीच ती बटण दाबल्यासारखी धडधड.

या विकाराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९२८ मध्ये बॉस्टनमध्ये लुई वुल्फ आणि पॉल डडली व्हाइट यांच्याकडे धडधडीची तक्रार घेऊन पस्तीस वर्षांचा एक व्यायामशिक्षक आला. त्याचा आलेख विचित्र होता. तेव्हाच्या पुस्तकांप्रमाणे असा आलेख म्हणजे हृदयाचा गंभीर आजार. समोर मात्र धष्टपुष्ट माणूस. व्यायामानंतर काढलेला आलेख तर चक्क नॉर्मल आला. पुस्तक खरं की माणूस खरा? त्यांनी माणसावर विश्वास ठेवला. लंडनच्या जॉन पार्किन्सन यांच्याकडेही असे रुग्ण निघाले आणि १९३० मध्ये तिघांनी मिळून अकरा जणांची हकिकत छापली. त्या लेखाच्या शीर्षकातच हे निरोगी तरुण आहेत असं लिहिलेलं आहे. चोरदरवाजा सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसायला १९४३ उजाडलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका तरुण मच्छीमाराची छाती उघडून तो कापला. आणि १९९० च्या आसपासपासून छाती उघडण्याची गरजच संपली. जांघेतल्या शिरेतून बारीक तार आत न्यायची, चोरदरवाज्याची जागा नकाशासारखी शोधायची आणि तारेच्या टोकाशी उष्णता देऊन तो चिणून टाकायचा. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. बहुतेक वेळा जागा तेवढी बधिर करून हे काम होतं आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांचा आजार कायमचा जातो. आयुष्यभर गोळ्या खाण्याऐवजी मुळातून बरं होण्याचं भाग्य हृदयरोगात फार थोड्यांना लाभतं. हे त्यांतले.

मग त्या बाईंचा एरवीचा ईसीजी नॉर्मल का येत होता? काही चोरदरवाजे एकाच दिशेने उघडतात, बालेकिल्ल्यातून माचीकडे. सगळं शांत असताना आलेखावर त्यांचा मागमूस नसतो. आणि याहूनही जास्त आढळणाऱ्या एका प्रकारात महादरवाज्यातच दोन वाटा असतात, तिथेही एरवीचा आलेख स्वच्छ. म्हणूनच मी म्हणतो, धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून तुम्हाला काही झालेलं नाही, असं सिद्ध होत नाही.

अमेरिकेत १९९७ मध्ये असाच आजार असलेल्या १०७ रुग्णांच्या हकिकती तपासल्या गेल्या. निम्म्याहून अधिक जणांचं निदान पहिल्या तपासणीत हुकलं होतं आणि त्यांतल्या पुष्कळांना घबराट, चिंता, ताण अशी कारणं सांगून घरी पाठवलं होतं. अशी मनाची कारणं सांगितली जाण्याचं प्रमाण बायकांत जास्त होतं. मिनिटाला १९० ठोके पडायला लागले तर घाम येणारच, हात कापणारच, आता जीव जातो असं वाटणारच. भीती वाटली म्हणून धडधड झाली की धडधडलं म्हणून भीती वाटली, हे बाईला विचारा. तिला ते नेमकं माहीत असतं. ‘सुरू कशी होते, थांबते कशी?’ एवढा एक प्रश्न निम्मं निदान करतो. भीतीची धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. या विकाराची एका ठोक्यात सुरू होते, एका ठोक्यात थांबते.

ती थांबवण्याची एक युक्तीही आहे. कुंथल्याने ही धडधड थांबते हे जुनंच ज्ञान. इंग्लंडमध्ये त्यात एक भर घालून पाहिली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. रुग्णाने अर्धवट बसून दहा मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये, दट्ट्या हलेल एवढ्या जोराने, पंधरा सेकंद फुंकायचं. मग लगेच त्याला आडवं करून पाय पंधरा सेकंद वर उचलून धरायचे. नुसत्या कुंथण्याने १७ टक्के लोकांचे ठोके ताळ्यावर आले, पाय उचलल्यावर ४३ टक्क्यांचे. खर्च एका सिरिंजचा. ही युक्ती एकदा आपल्या डॉक्टरांसमोर शिकून घ्यावी, निदान झाल्यानंतर. आणि पहिल्या वेळी तरी आधी पट्टी.

आता जरा गंभीर गोष्ट. १९५७ मध्ये अँटन येर्वेल आणि फ्रेड लांगे-नील्सन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिकत लिहिली. सहा मुलं, त्यांतली चार जन्मतः बहिरी. ही चारही मुलं खेळताना, घाबरल्यावर बेशुद्ध पडायची. तिघं अचानक गेली, वयाच्या चौथ्या, पाचव्या आणि नवव्या वर्षी. त्यांच्या ईसीजीत क्यूपासून टीपर्यंतचं अंतर फार लांबलेलं होतं. ठोका पडल्यावर हृदयाच्या पेशींना पुन्हा सज्ज व्हायला वेळ लागतो. तो वेळ लांबला आणि नेमक्या त्याच क्षणी नवा इशारा आला, तर सगळी घडी विस्कटते आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. आज आपल्याला ठाऊक आहे की पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या दरवाज्यांतला हा जन्मजात दोष आहे आणि तेच दरवाजे आतल्या कानातही लागतात, म्हणून बहिरेपण. न ऐकू येण्याशी संबंध नसलेला प्रकार याहून खूप जास्त आढळतो. त्यात कुणी पोहताना बुडतं, कुणी घड्याळाचा गजर वाजताच कोसळतं, कुणी झोपेत जातं.

या नॉर्वेच्या गोष्टीचा आपल्याशी संबंध काय? बहिरेपणासोबत येणारा प्रकार आई आणि वडील दोघांकडून दोषी जनुक आलं तरच होतो. नात्यात लग्न झालं की ती शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या अनेक समाजांत आहे. एखादं मुकंबहिरं मूल मध्येच बेशुद्ध पडलं की आपण म्हणतो, फिट आली. कुणी म्हणतं, बाहेरचं आहे. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात आणि एक साधा ईसीजी राहून जातो. निदान झालं, तर रोजच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी यांतले पुष्कळ जीव वाचतात, काहींना शॉक देणारं यंत्र छातीत बसवावं लागतं. काही औषधं तर या लोकांनी घ्यायचीच नसतात. त्यांत काही अँटिबायोटिक्स आहेत आणि उलटीवरची नेहमीची औषधंही आहेत. माझी शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे. पळताना, पोहताना किंवा दचकून बेशुद्ध पडलेलं मूल, ज्याच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं आहे असं मूल, आणि बेशुद्ध पडणारं बहिरं मूल, या तिघांचा ईसीजी झालाच पाहिजे. शाळेच्या प्रार्थनेत उन्हात उभं राहून भोवळ आलेलं मूल वेगळं. त्याला डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, मग ते पडतं. ते बहुधा साधंच असतं.

वेगाच्या उलट संथपणा. नगारखाना थकला किंवा महादरवाजा बंद पडला की ठोके तीस-पस्तिसावर येतात, माणूस काही न कळता कोसळतो. स्टॉकहोमच्या आर्ने लार्सन यांना दिवसाला वीस-तीस झटके यायचे. त्यांच्या पत्नीने सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी जगातला पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर लार्सन यांना बसला आणि काही तासांत बंद पडला. पुढे आयुष्यभरात त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले. ते २००१ मध्ये गेले, वयाच्या ८६ व्या वर्षी, सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघांच्याही मागे. यंत्रं सुधारत गेली आणि माणूस टिकला. आपल्याकडे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. पेसमेकर असलेल्या माणसाच्या दहनापूर्वी तो काढून घ्या, बॅटरीचा स्फोट होतो. अमेरिकेत मृतदेहांतून काढलेले, बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईतल्या ५३ गरजू रुग्णांना बसवले गेले. ते नीट चालले, अशी नोंद २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली.

आता तो न जाणवणारा विकार. उतारवयात, रक्तदाबाच्या रुग्णांत किंवा लहानपणी सांधे धरून आलेल्या तापाने झडप आकसलेल्यांत, हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात. नाडीला ताल राहत नाही. एट्रियल फिब्रिलेशन हे त्याचं नाव. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. साध्या रुग्णात हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट आणि झडप आकसलेल्यात त्याहून कितीतरी जास्त. कैकांना या विकाराची पहिली खबर अर्धांगानेच मिळते. रक्त पातळ ठेवणारी गोळी नियमाने घेतली तर यातले जवळजवळ दोनतृतीयांश झटके टळतात. झडप आकसलेल्या रुग्णांना जुनी गोळी द्यावी की नवी, हे आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या चोवीस देशांत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. २०२२ मध्ये निकाल लागला आणि जुनी गोळी सरस ठरली. तिच्यासाठी रक्ताची आयएनआर तपासणी वेळोवेळी करावी लागते. ती चुकवू नका. आणि पालेभाजी सोडू नका, फक्त एका आठवड्यात रोज मेथी आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं करू नका.

हा विकार पकडायला मोठं यंत्र लागत नाही. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवा आणि मिनिटभर नाडी मोजा. भजनाला टाळ धरणाऱ्या माणसाला ताल सुटलेला लगेच कळतो. शंका आली की पट्टी काढा.

पट्टी काढायला रुग्णाला यंत्राकडे न्यायचं, की यंत्र रुग्णाकडे? अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी जवळजवळ अडतीस किलोंचं यंत्र पाठीवर बांधलं आणि चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी काढून दाखवला. आज हे होल्टर यंत्र खिशात मावतं, त्वचेखाली बसवायची नोंदपेटी बोटाच्या पेराएवढी आहे आणि काही मनगटी घड्याळंही एक पट्टी काढून देतात. घड्याळाने निदान करू नये. पण धडधड सुरू असताना काढलेली त्याची पट्टी डॉक्टरांना जरूर दाखवावी. रोज येणारी तक्रार एका दिवसाच्या होल्टरमध्ये सापडते. महिन्यातून एकदा येणारी त्यात सापडत नाही. म्हणून ‘होल्टर नॉर्मल आलं’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, ‘ते लावलेलं असताना धडधड झाली होती का?’

उपचार पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत अ‍ॅब्लेशन होतं, पेसमेकर तर जिल्ह्याच्या गावांतही बसतात. अडतं ते पहिल्या पायरीवर. रात्री १.४० वाजता दार उघडणारा आणि इंजेक्शनआधी मशीन काढणारा माणूस अडल्या वेळी भेटत नाही. माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगतो, रुग्ण अस्थिर असेल तर क्षणही दवडू नका. स्थिर असेल तर आधी पट्टी. धडधड थांबवून दिलीत तर एक रात्र सुखाची जाते, पट्टी काढून दिलीत तर आजार जातो.

त्या बाईंचं अ‍ॅब्लेशन दीड तासात झालं. नंतर कधी धडधड आली नाही. डॉक्टरांची ती पट्टी मी जपून ठेवली होती. इथे दाखवावी म्हणून परवा पाकीट उघडलं. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, काही वर्षांत त्यावरचं सगळं उडून जातं. १९० चे ते ठोके पार पुसले गेले आहेत. कोरा पिवळा कागद आणि कडेला शाईत लिहिलेलं ‘रात्री १.४०, हेच ते’ एवढंच शिल्लक आहे.

म्हणून श्रोतेहो, धडधड सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात जा, पट्टी मागून घ्या, तिच्यावर तारीख, वेळ आणि काय वाटत होतं ते पेनाने लिहा. आणि त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा.